नवीन गीतकार सापडला की अडकलेलं लिखाण सुटतं का? तुमचे अनुभव सांगा

अर्धवट वही

नमस्कार. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज निवांत आहे तर सविस्तरच लिहिते.

माझी एक कथा आठ महिने अडकून पडली होती. दोन बहिणी, आई गेल्यावर तिचं कपाट आवरायला एकत्र आल्यात आणि दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नाही, एवढंच मला माहीत होतं. लिहायला बसलं की तिसऱ्या पानावर त्या भांडायला लागायच्या आणि मग तेव्हा काय घडलं होतं, कोण चुकलं होतं, सगळं एकमेकींना सांगत बसायच्या. म्हणजे मला जे वाचकाला सांगायचं होतं ते मी त्यांच्या तोंडून वदवून घेत होते. पाच ड्राफ्ट झाले, पाचही तिथेच थांबले.

आता गाण्यांचं. कॉलेजपासून मी तीच साठ-सत्तर गाणी ऐकत आलेय, शब्द पाठ, सुरावट पाठ, त्यामुळे ती आता कानाला ऐकूच येत नाहीत, फक्त सोबत करतात. एका रात्री माझी प्लेलिस्ट संपली आणि ॲपने आपणहून पुढचं काहीतरी लावलं. खालच्या पट्टीतला आवाज, गातोय की बोलतोय कळेना. लेनर्ड कोहेनचं 'फेमस ब्लू रेनकोट', १९७१ सालचं. हे गाणं म्हणजे अख्खं एक पत्र आहे, वेळ आणि महिना सांगून सुरू होतं आणि शेवटी तो चक्क स्वतःच्या नावाने सही करतो. पत्र कोणाला, तर जो त्याच्या आणि त्याच्या बाईच्या मध्ये आला त्या मित्राला. आणि तो भांडत नाही हो! विचारपूस करतो. नेमकं काय झालं ते सरळ सांगतच नाही, खांद्यावर फाटलेला कोट, केसांची एक बट, अशा दोन-चार वस्तूंवरून आपणच जुळवत जायचं.

त्या रात्री सहा-सात वेळा ऐकलं. सकाळी उठून पाचही ड्राफ्ट बाजूला ठेवले आणि धाकट्या बहिणीने मोठीला लिहिलेलं पत्र सुरू केलं, कपाटात काय काय सापडलं आणि त्यातलं तुला काय हवंय एवढंच विचारणारं. भांडणाचा एक शब्द नाही. अकरा दिवसांत कथा पूर्ण झाली.

मग या माणसाबद्दल वाचत गेले. हा आधी कवी, १९५६ मध्ये पहिला कवितासंग्रह, मग दोन कादंबऱ्या आणि पहिला अल्बम थेट १९६७ ला, तेहतिसाव्या वर्षी. म्हणजे लिहिणाराच माणूस, फक्त तीन-चार मिनिटांत मावेल एवढंच लिहायची सवय लावून घेतलेला. आपल्याला तीनशे पानं मिळतात म्हणून आपण सैल सुटतो, गीतकाराला ती चैन नाही. त्याची ही काटकसर आपण शिकू शकतो असं मला आता फार मनापासून वाटतं, आणि ती ओळखीच्या गाण्यात दिसत नाही, नव्या माणसाचं ऐकतानाच दिसते, कारण तेव्हा आपण खरंच ऐकत असतो.

तुमचं काय? एखाद्या नव्या गीतकारामुळे लिखाणात काही बदललंय का, नेमकं काय बदललं ते लिहा प्लीज. 'छान वाटतं, मूड येतो' याच्या पुढचं.

निशाचर

धागा आवडला पण माझा अनुभव उलटा आहे. गाणं चालू असलं की मला एक वाक्य धड लिहिता येत नाही. त्यातले शब्द माझ्या वाक्यात घुसतात. वाद्यसंगीत असेल तर चालतं थोडं. त्यामुळे संगीताने लिखाण सुधारतं वगैरे मला कधी पटलं नाही.

तिसरा चरण

@निशाचर, तुमचं अगदी बरोबर आहे आणि यात तुमचं काही चुकत नाहीये. कानावर बोलणं पडत असेल तर आपण लक्ष दिलं नाही तरी शब्द लक्षात ठेवायच्या कामात अडथळा येतो, मानसशास्त्रात यावर १९७० च्या दशकापासून प्रयोग झालेत. शब्द असलेलं गाणं तेच करतं. आणि मोझार्ट ऐकलं की बुद्धी वाढते हे जे सगळीकडे फिरतं ना, ते मूळ १९९३ चं छोटंसं संशोधन, कॉलेजची ३६ मुलं, मोजली होती ती आकार मनात फिरवून बघायची क्षमता, आणि फरक दिसला तोही दहा-पंधरा मिनिटं. लिखाणाशी त्याचा संबंधच नव्हता.

पण धागाकर्ती लिहिताना ऐकण्याबद्दल बोलतच नाहीये ना? तिने ऐकलं रात्री, लिहिलं सकाळी. मी पण तसंच करतो. ऐकायचं तेव्हा फक्त ऐकायचं, अंधार करून, हातात फोन न घेता. लिहायचं तेव्हा शांतता.

अर्धवट वही

हो हो, लिहिताना पूर्ण शांतता लागते मला पण. ते लिहायचं राहिलं.

मात्रा मोजणारा

मी थोडं तांत्रिक बोलतो, चालेल ना?

मी गद्य लिहितो, आणि माझे परिच्छेद सगळे एकाच ठेक्यात संपायचे. लांब वाक्य, लांब वाक्य, लांब वाक्य, संपलं. वाचणाऱ्या मित्राने सांगितलं की तुझं वाचताना दम लागतो. मला कळत होतं पण दुरुस्त कसं करायचं ते कळेना. मग एका नव्या मुलीची गाणी ऐकली, स्वतः लिहिते, स्वतः गाते, अजून फार कोणाला माहीत नाहीये. तिच्या प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ आखूड असते, म्हणजे कान पूर्ण लांबीची वाट बघतो आणि ती आधीच थांबते, आणि त्या उरलेल्या जागेत आपण एकटेच असतो. अंगावर काटा आला पहिल्यांदा ऐकताना.

दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की अरे हे तर ओवीत आहे! ज्ञानेश्वरीतली ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा अर्धा आणि मोकळा. अभंगात पण बघा, मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा अक्षरं आणि शेवटी चार. लहानपणापासून कानावर पडलेलं, शाळेत अक्षरं मोजून मार्क पण मिळवलेत, पण ते कशासाठी आहे हे कधी जाणवलं नव्हतं. परक्या चालीत भेटलं तेव्हा घरातलं दिसलं.

आता मी परिच्छेद लिहून झाला की शेवटचं वाक्य मुद्दाम तोडून बघतो. दहातल्या सहा वेळा चांगलं होतं. बाकी वेळा परत जोडतो.

सांजवेळ

+१. 'परक्या चालीत भेटलं तेव्हा घरातलं दिसलं' हे फार आवडलं.

रिकामी ओळ

वाचतेय सगळं. मला एक भीती आहे ती विचारते. मला कोणी नवीन आवडलं की मी त्याच्यासारखंच लिहायला लागते. मागच्या वर्षी एक गीतकार सापडला, चार महिने त्याचीच गाणी, आणि त्या चार महिन्यांत जे लिहिलं ते आता वाचलं तर त्याचीच सावली वाटते, त्याचे पाऊस, त्याच्या खिडक्या. सध्या एक गोष्ट लिहितेय, घर सोडून गेलेला भाऊ बारा वर्षांनी परत येतो, आणि म्हणून मी काहीही नवीन ऐकणं बंदच करून टाकलंय. हे बरोबर आहे का? प्रभाव आणि चोरी यात रेघ कुठे ओढायची?

सांजवेळ

@रिकामी ओळ, ऐकणं बंद नका करू गं. एक उदाहरण देते, मला यातून फार शिकायला मिळालं.

शांता शेळक्यांचं 'तोच चंद्रमा नभात' आपण सगळ्यांनी हजारदा ऐकलंय. ते एका संस्कृत श्लोकावरून सुचलेलं आहे, शीला भट्टारिका नावाच्या कवयित्रीच्या नावावर तो श्लोक सांगितला जातो. तोच प्रियकर, त्याच चैत्राच्या रात्री, तेच वारे, मीही तीच, ही सगळी मांडणी मुळात तिथली. मग चोरी झाली का? दोन्ही शेजारी ठेवून बघा. श्लोकातली बाई म्हणते, सगळं तेच आहे, तरी माझं मन त्या रेवातीरावरच्या, म्हणजे नर्मदाकाठच्या जागेसाठी झुरतं. म्हणजे तिची ओढ जिवंत आहे, फक्त ती जागा हातात नाही. गाण्यातली व्यक्ती म्हणते सगळं तेच आहे, पण ती आर्तताच उरली नाही. जागा आहे, माणूस आहे, रात्र आहे, ओढच संपली! किती वेगळं दुःख आहे हे. शेकडो वर्षांपूर्वीचा सांगाडा घेतला आणि त्याच्यात नेमकं उलटं काळीज बसवलं.

मी तेव्हापासून हीच परीक्षा लावते. ज्याच्याकडून घेतलंय त्याच्याच निष्कर्षाला मी पोचतेय का? पोचत असेन तर ती नक्कल. त्याच रस्त्याने निघून मी दुसऱ्याच दारात उभी राहिले असेन तर ते माझं. तुमच्या त्या चार महिन्यांच्या लिखाणात पाऊस त्याचा असेल, हरकत नाही, पण पावसात उभं कोण आहे ते बघा.

रिकामी ओळ

हे वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. धन्यवाद ताई.

चालीवरचा

मी गाणी लिहितो, बहुतेक चालीवर, म्हणजे चाल आधी येते आणि मला तिच्यात शब्द बसवायचे असतात. इथे बरेच जण गद्यवाले दिसतायत म्हणून आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो जी तुम्हाला उपयोगी पडेल.

संगीतकार चाल देतो तेव्हा तो बहुतेक वेळा डमी शब्द गातो. अर्थ काही नाही, ला ला ला किंवा तोंडाला येईल ते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला 'येस्टरडे'ची चाल सुचली तेव्हा त्याच्याकडे शब्द नव्हते, तर तो कितीतरी दिवस 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असं म्हणत ती चाल गात होता. १९६५ ला रेकॉर्ड झालं ते खरे शब्द मिळाल्यावर. पण त्या अंड्यांनी एक काम चोख केलं, किती अक्षरं, जोर कुठे, श्वास कुठे, हे सगळं धरून ठेवलं. जागा राखली. मग तिथे योग्य शब्द येऊन बसला.

कादंबरीवाल्या माझ्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं. तिला एक प्रसंग जमत नव्हता, तर तिने तो पूर्ण डमीत लिहिला, 'इथे तो काहीतरी कडू बोलतो, लहान वाक्य', 'इथे ती लांबलचक काहीतरी सांगते पण मुद्द्याचं नाही', 'इथे शांतता'. दोन पानं अशीच. आणि ती म्हणाली की त्या प्रसंगाची चाल मला पहिल्यांदा ऐकू आली. खरे संवाद नंतर एका बैठकीत आले.

दुसरं म्हणजे श्वास. गायकाला श्वास घ्यायला जागा द्यावीच लागते, नाहीतर गाताच येत नाही, त्यामुळे गीतकाराला कधी विसरता येत नाही की हे कोणाच्या तरी शरीरातून बाहेर पडणार आहे. गद्यवाल्यांनी एकदा स्वतःचं पान मोठ्याने वाचावं. जिथे श्वास तुटतो तिथे बहुतेक वेळा विचार पण तुटलेला असतो.

नवीन गीतकार ऐकायचा असेल तर माझं एकच मागणं, त्याचं एक हिट गाणं ऐकून पुढे जाऊ नका. सुरुवातीचं कच्चं काम ऐका. तिथे शिवण दिसते. पक्क्या कामात कारागीर शिवण लपवतो.

दुपारची झोप

वाचनखूण साठवली. डमीची आयडिया आजच करून बघणार.

कुंपणावरचा

अडकलेल्या लिखाणावरून आठवलं, काझुओ इशिगुरोंनी २०१७ च्या त्यांच्या नोबेल भाषणात अगदी हेच सांगितलंय. 'द रिमेन्स ऑफ द डे' लिहून झाली असं त्यांना वाटत होतं. नायक म्हणजे तो बटलर, आयुष्यभर भावना आत दाबून ठेवणारा, आणि त्यांनी ठरवलं होतं की तो शेवटपर्यंत तसाच राहणार, तडा जाणारच नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी टॉम वेट्स या अमेरिकन गायकाचं 'रूबीज आर्म्स' ऐकलं. पहाटे झोपलेल्या प्रेयसीला सोडून निघून जाणारा माणूस, आवाज असा खरखरीत की हा कधी काही कबूल करेल असं वाटतच नाही. आणि मध्येच तो सांगून टाकतो की त्याचं काळीज तुटतंय. एवढ्या राकट माणसाने ते सांगावं, त्यामुळे ते सहन होत नाही. इशिगुरो परत लिहायला बसले आणि त्या बटलरच्या चिलखताला शेवटाकडे एक, फक्त एक, तडा जाऊ दिला.

ज्यांनी ती कादंबरी वाचलीये त्यांना ती जागा माहीत असेल. मला कायम वाटायचं की ती जागा म्हणजेच अख्खं पुस्तक आहे, आणि ती एका गाण्यामुळे आलीये हे कळल्यावर मी भाषणाचा तो भाग परत परत वाचला. हे लेखक तरुणपणी स्वतः गाणी लिहायचे, गीतकारच व्हायचं होतं त्यांना. पुढे स्टेसी केंट या जॅझ गायिकेच्या २००७ च्या अल्बमसाठी त्यांनी गाणी लिहून पण दिली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं, त्यांनी गाण्यातून विषय नाही घेतला, शब्द नाही घेतले, पत्राचा फॉर्म वगैरे पण नाही. घेतला तो एक निर्णय. कधी बोलू द्यायचं आणि किती वेळा.

ओसरी

इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा गेल्यानंतर दोन वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. जुनी गाणी तर ऐकवतच नव्हती कारण प्रत्येक गाण्यात ते होते, गाडीतलं गाणं, रविवारचं गाणं, त्यांना न आवडणारं पण मी मोठ्याने लावायचे ते गाणं. मग मी मला अजिबात न येणाऱ्या भाषांमधली गाणी ऐकायला लागले, पोर्तुगीज फादो वगैरे. कारण एवढंच की तिथे त्यांची एकही आठवण नव्हती. शब्द कळत नव्हते पण कुठे ती बाई प्रश्न विचारतेय, कुठे स्वतःलाच समजावतेय, कुठे हट्ट करतेय, ते कळायचं. मी वहीत लिहायला लागले की ती काय म्हणत असेल. अंदाजाने, अगदी ओळीला ओळ. नंतर एकदा भाषांतर शोधलं तर माझं सगळं चुकलं होतं, ती बाई समुद्राबद्दल बोलत होती आणि मी लिहिलं होतं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरबद्दल.

पण ती वही भरली. त्यातल्या चौदा कविता मी ठेवल्यात.

तिसरा चरण

@ओसरी, लिहीत राहा. आणि त्या चौदांपैकी एखादी इथे टाकावीशी वाटली तर टाका, घाई नाही.

अर्धवट वही

ओसरी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

खूप जणांनी खाजगी निरोप पाठवून विचारलंय की नवीन गीतकार शोधायचे कसे, तर मी काय करते ते सांगते. ॲप आपल्याला जे आवडतं त्याच्यासारखंच देत राहतं, मला कोहेन मिळाला ते नशीब, रोज तसं होत नाही. त्यामुळे मी आता गायकाच्या मागे न जाता लिहिणाऱ्याच्या मागे जाते. एखादी ओळ थांबवून ठेवणारी मिळाली की आधी बघायचं कोणी लिहिलीये, आणि मग त्या माणसाने बाकी कोणाकोणासाठी लिहिलंय ते सगळं ऐकायचं, गायक वेगळे, संगीतकार वेगळे, काळ वेगळा. मग त्या सगळ्यात जे समान उरतं तो गीतकार. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी गीतकाराचं नाव लिहिलेलंच नसतं, गायकाचा फोटो मोठा आणि लिहिणारा गायब. याचा मला खरंच राग येतो. ज्याने शब्द दिले त्याचं नाव शोधायला अर्धा तास लागू नये.

आणि एकाच माणसाने वेगवेगळ्या तोंडून लिहिलेलं ऐकायचं असेल तर गीतरामायण परत ऐका, या दृष्टीने. एप्रिल १९५५ पासून वर्षभर आकाशवाणीवर, छप्पन्न गाणी, आणि गदिमा एकेका गाण्यात एकेका पात्राच्या आत शिरतात. तीच कथा, पण आई सांगते तेव्हा शब्द वेगळे, रागावलेला भाऊ सांगतो तेव्हा वेगळे. दृष्टिकोन म्हणजे काय हे मी लेखनाच्या पुस्तकांतून शिकायचा प्रयत्न केला होता. तिथे नाही कळलं, इथे कळलं. ऐकलेलं होतं सगळं, पण लिहिणाऱ्याच्या बाजूने ऐकलं तेव्हा माझ्यासाठी ते नवंच होतं. म्हणजे नवीन गीतकार जुनाही असू शकतो.

चालीवरचा

नावाच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. आम्हा लोकांना ते वाचून बरं वाटतं.

अवांतर: कोहेनचा विषय आहे तर, 'हालेलुया' या गाण्यासाठी त्यांनी सुमारे ऐंशी कडवी लिहिली होती म्हणतात, वर्षानुवर्षं. १९८४ च्या अल्बमवर त्यातली चार आली. पुढे जॉन केल या गायकाला ते गाणं गायचं होतं, त्याने शब्द मागवले तर फॅक्सवर पंधरा पानं आली, आणि त्याने १९९१ च्या त्याच्या रेकॉर्डिंगसाठी काही वेगळी कडवी निवडली. ज्यांना वाटतं की गाणं म्हणजे छोटं काम, पटकन होतं, त्यांच्यासाठी.

निशाचर

मी माझं मत थोडं बदलतोय. गेले चार दिवस तिसरा चरणने सांगितलं तसं केलं, रात्री दिवा बंद करून एक पूर्ण अनोळखी अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता. लिखाणात अजून काही फरक नाही. पण एक झालं, सातव्या गाण्यात पहिल्या गाण्यातली एक ओळ परत आली, तेच शब्द, आणि आता तिचा अर्थ वेगळा होता कारण मधली पाच गाणी घडून गेली होती. मी उठून बसलो. माझ्या कादंबरीत पहिल्या प्रकरणात एक वाक्य आहे, ते मी शेवटाकडे परत आणू शकतो हे मला आत्तापर्यंत सुचलं कसं नाही?

मात्रा मोजणारा

@निशाचर, ध्रुवपद! दर कडव्यानंतर तेच शब्द आणि दर वेळी नवा अर्थ. फक्त परत आणताना त्यातला शब्दही बदलू नका. मोह होईल.

रिकामी ओळ

सांजवेळ ताईंचं वाचल्यावर ऐकणं परत सुरू केलं. त्या जुन्या गीतकाराचंच एक गाणं लावलं ज्यात कोणीतरी परत येतं आणि सगळे रडतात, माफ करतात, शेवटी दिवे लागतात. मी विचार केला की माझ्या गोष्टीत त्याच रस्त्याने निघायचं पण दिव्यांपर्यंत जायचं नाही. काल रात्री लिहायला बसले. वहिनी दार उघडते आणि त्याला ओळखते, पण नाव विचारते, मुद्दाम.

तीन पानं झालीत. भाऊ अजून दारातच उभा आहे.